नानांचा गुरुवार

नानामास्तर आमच्या आळीत शिरले की कुणाच्या घरी काय शिजतंय ते त्यांना आधी कळायचं आणि मग त्या घरच्या माणसांना. छत्री काखेत, टोपी कपाळावर आलेली, कोटाचं वरचं बटण कायमचं हरवलेलं. चालता चालता एकदम थांबायचे, नाक वर करायचे आणि रस्त्यातूनच ओरडायचे, "काकू, फणसाची भाजी खाली लागतेय हो!" काकू पळत आत जायच्या. भाजी खरंच लागत असायची. मग नाना पायरीवर टेकत म्हणायचे, "बसतो थोडा." त्यांचं थोडं बसणं म्हणजे काय ते गावाला ठाऊक होतं. पान मांडल्याशिवाय ते उठत नसत.

खाण्यात त्या माणसाचा हात धरणारा कोणी मी पाहिला नाही. अंगानं मात्र सुपारीच्या झाडासारखे सडसडीत. खाल्लेलं कुठं जातं असं विचारलं की म्हणायचे, "बोलण्यात जातं." तेही खोटं नव्हतं. शाळेत ते भूगोल शिकवीत आणि त्यांचा सगळा भूगोल ताटावरून चाले. कुठल्या मुलखात काय पिकतं, तिथली माणसं ते कशाशी खातात, कशानं त्यांचं पोट बिघडतं, हे ऐकता ऐकता वर्गाच्या तोंडाला पाणी सुटायचं. मी त्याच शाळेत इंग्रजी शिकवीत असे. माझ्या तासाला मुलं पेंगत आणि शेजारच्या वर्गातून नानांच्या पुरणपोळीचा दरवळ यायचा. मला त्यांचा रागच यायचा. त्या रागाचा पुढं आदर कधी झाला हे मला नेमकं सांगता येतं, म्हणून तर लिहायला बसलो आहे.

आमचं गाव रेवदंड्याच्या अलीकडचं. आज तिथं दुमजली हायस्कूल उभं आहे. पण एकोणीसशे तिसाच्या आगेमागे शाळा भरायची ती धर्मशाळेच्या दोन खोल्यांत आणि बाहेर बांधलेल्या मांडवात. एका वर्गाची कविता दुसऱ्या वर्गाच्या गणितात मिसळायची. इन्स्पेक्टरसाहेब आले, मांडवाखाली उभे राहून त्यांनी वर पाहिलं आणि जाताना सांगून गेले की स्वतःची इमारत झाली नाही तर वरचे वर्ग बंद करावे लागतील. वरचे वर्ग बंद म्हणजे मॅट्रिक बंद. आणि मॅट्रिक बंद झाली की मुलं पुन्हा गलबतावर नाहीतर मुंबईच्या गोदीत.

संस्थेचे अध्यक्ष रावसाहेब. ते आमच्या भागातले खोत. मनानं मोठे, पण मानापानाला त्याहून मोठे. इमारतीसाठी आपली मोक्याची जागा देईन असं त्यांनी भर सभेत जाहीर केलं होतं. राहिला प्रश्न बांधायचा. तेव्हा मंडळानं ठराव केला की एक चिटणीस नेमावा. त्यानं शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांना शोधून काढावं, त्यांच्याशी संबंध ठेवावा आणि इमारतीसाठी वर्गणी उभी करावी. अशी नेमणूक आमच्याकडे कधी झाली नव्हती, त्यामुळे ती कशी करतात हेही कुणाला माहीत नव्हतं. दोन अर्ज आले. एक निवृत्त मामलेदारांचा. त्यांना दौऱ्यात बरोबर शिपाई हवा होता. दुसरा एका कीर्तनकारबुवांचा. त्यांना जमेल त्यात वाटा हवा होता. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत असताना मागच्या बाकावरून नाना उठले.

"मी करतो की."

रावसाहेब हसले. "नाना, तुम्ही? लोकांकडं मागणार कसं?"

"मागणार नाही."

"मग काय करणार?"

"जेवायला जाईन," नाना म्हणाले.

सभा पोट धरधरून हसली. नाना मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "आपली लांबची मुलं या गावात शिकली ती वार लावून जेवली. सोमवार या घरी, मंगळवार त्या घरी. सात घरांनी एक पोर वाढवलं. ती पोरं आज मुंबईत चार पैसे मिळवतात. मी आता त्यांच्याकडे वार लावून जेवायला जाणार. मला रजा द्या, बाकी काही नको."

शिपाई नको, वाटा नको, म्हटल्यावर मंडळाला नाही म्हणणं जड गेलं. अशा रीतीनं आमच्या संस्थेचा पहिला चिटणीस अर्धवट थट्टेत नेमला गेला.

नाना आगबोटीनं मुंबईला गेले आणि त्यांनी खरोखरच आठवडा लावला. मे महिन्याच्या सुट्टीत मीही त्यांच्याबरोबर होतो. खरं सांगायचं तर फजिती बघायला. सोमवार सदूचा. हा सदू शाळेत असताना गणिताच्या तासाला पोटात दुखणारा. आता गिरगावात राहून एका कचेरीत कारकुनी करीत होता. त्याची बायको फटकळ. पहिल्या सोमवारी तिनं कारल्याची भाजी केली, तीही अशी कडू की पाहुणा पुन्हा फिरकू नये. नानांनी दोनदा मागून घेतली. वर तिला म्हणाले, "वहिनी, याच्या पोटदुखीला तेव्हा ही मिळाली असती तर हा आज हेडक्लार्क असता." मग त्यांनी सदूचे शाळेतले पराक्रम सांगितले. ती बाई पदर तोंडाला लावून इतकी हसली की आमटी उतू गेली. निघताना नाना एवढंच म्हणाले, "पुढच्या सोमवारी येतो हं."

वर्गणीचा शब्द नाही. इमारतीचं नाव नाही. मी कावलो. बोळातून बाहेर पडताच म्हटलं, "नाना, आपण आलोय कशाला?"

"जेवायला," नाना म्हणाले.

पुढच्या सोमवारीही तेच. त्याच्या पुढच्या सोमवारी मात्र पानावर ताक पडल्यावर सदूनंच विचारलं, "मास्तर, शाळेचं कसं काय चाललंय?"

नानांनी भुरका मारला आणि म्हणाले, "गळतंय."

बस्स, एवढंच. सदूचा घास हातातच राहिला. तो उठून आत गेला, बायकोशी काहीतरी बोलला आणि पैसे घेऊन बाहेर आला. नानांनी हात मागं घेतला. "माझ्याकडे नाही. तू गावाला ये, मांडवात जिथं बसायचास तिथं थोडा बस आणि मग स्वतःच्या हातानं दे." हा त्यांचा नियम. पैसे पोचवायला म्हणून माणसं पंधरा-वीस वर्षांनी गावी येऊ लागली, मांडवात मांडी घालून बसू लागली आणि जाताना ठरवून आलेल्या रकमेपेक्षा जास्त देऊन जाऊ लागली. मी थक्क झालो. पण ती नुसती युक्ती म्हणूनही सांगता आली असती. गुरुवारचं तसं नव्हतं.

गुरुवार जोमा म्हात्र्याचा.

जोमा खाडीकाठच्या खारेपाटातल्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या गावाहून शाळा लांब, म्हणून तो आमच्या गावात एका गोठ्याच्या माळ्यावर राहायचा. बामणाच्या पोरांना वार मिळायचे. आगऱ्याच्या पोराला वार कोण देणार? तो घरून आणलेली भाकरी पाण्यात बुडवून खायचा. ती संपली की उपाशी. नानांना हे कळलं तेव्हा त्यांनी आपल्या घरी त्याला एक वार दिला, गुरुवारचा. तेव्हा गावात त्याचाही बोभाटा झाला होता. नानांचे वडील हयात होते, घरात सोवळं कडक. जोमा ओटीवर जेवायचा. नानांची बायको पोटभर वाढायची, पण वरून, पदर सावरून. जेवण झालं की त्यानं आपलं ताट आपण घासायचं, विहिरीपासून लांब धरून कुणीतरी ओतलेल्या पाण्यात धुवायचं आणि बसल्या जागी शेणाचा गोळा फिरवायचा. मग तो नमस्कार करून जायचा. पुढं तो मुंबईला गेला, माझगावला तांदळाच्या वखारीत मुकादम झाला, वखारीमागच्या चाळीत दोन खोल्या घेऊन राहिला.

त्या गुरुवारी आम्ही त्याच्या दारात गेलो तर जोमाची धावपळ उडाली. घरात बायको, दोन पोरं. त्यानं आम्हाला सतरंजीवर बसवलं आणि थोड्या वेळानं समोर शिधा आणून मांडला. तांदूळ, डाळ, तूप, गूळ, कोरं पातेलं, सुकी लाकडं. सगळं निगुतीनं, केळीच्या पानावर. तो हात जोडून उभा राहिला.

"मास्तर, पानी भटजीच्या हातून आनलाय. चूल बाहेर मांडून दिलीय. कोनी हात लावला न्हाय."

त्याच्या समजुतीनं त्यानं मोठ्यातला मोठा मान दिला होता. ब्राह्मणाला शिधा द्यायचा, तो त्यानं स्वतः रांधून खायचा, हेच त्यानं जन्मभर पाहिलेलं. मला मनातून बरंच वाटलं. वाटलं, चला, सुटलो. नाना त्या शिध्याकडे बराच वेळ बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरलेला मी आधी कधी पाहिला नव्हता.

"जोमा," ते म्हणाले, "मला स्वयंपाक येत नाही रे. तुझ्या बायकोला येतो."

आतून जोमाच्या बायकोचा, जानकीचा आवाज आला, "नको वो मास्तर! आमचे हातचा खाल्लाव त पाप मना लागल!"

"ते पाप माझ्या नावावर टाक. मला भूक लागलीय. आणि वालाचा वास येतोय मघापासून."

कोणी हललं नाही. नानाही हलले नाहीत. जोमा शिध्याकडे बघतोय, जानकी दाराआडून जोमाकडे बघतेय, पोरं सगळ्यांकडे बघतायत. जेवायची वेळ टळून गेली. नानांसारखा माणूस उपाशी बसलेला बघणं ही सोपी गोष्ट नव्हती. शेवटी जानकीच रडकुंडीला येऊन म्हणाली, "वाढतंय, पन देवाला तुमीच सांगा." तिनं आत, चुलीपाशी, पाट मांडले. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. नाना उंबरा ओलांडून आत गेले आणि जोमाला म्हणाले, "तू माझ्याशेजारी." मी जेवलो का? जेवलो. नाना पाटावर बसल्यावर मी उभा राहणार कुठं?

वालाचं तसं बिरडं मी पुन्हा खाल्लं नाही. पण मला आठवतं ते जेवणानंतरचं. नाना उठले, स्वतःचं ताट उचललं आणि मोरीपाशी जाऊन उकिडवे बसले. राख घेऊन ताट घासू लागले.

जानकी किंचाळलीच. "ताट ठेवा वो! काय करताव?"

जोमा पुढं धावला, पण नानांनी ताट सोडलं नाही. "तुझ्या नवऱ्यानं माझ्याकडं घासलंय," ते शांतपणे म्हणाले. ताट धुऊन पालथं घातलं, कोपऱ्यातलं शेण घेऊन आपल्या पाटाखालची जमीन सारवली आणि हात धुतले. जोमा भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

परत येताना आगबोटीच्या कठड्याशी मी नानांना विचारलं, "हे कशाला केलंत? त्याला उलट वाईट वाटलं."

नाना पाण्याकडे बघत म्हणाले, "अरे, आमची ही पोटभर वाढायची त्याला. मीही आतून विचारायचो, जोमा, अजून हवंय का? वडिलांना भ्यायचो, म्हणून उंबऱ्याच्या आत ये म्हणालो नाही. ते गेले. नंतरही म्हणालो नाही, तेव्हा कुणाला भीत होतो? तो ताट घासायचा आणि मी बघत बसायचो. जोमा माझ्या हातातलं ताट काढून घेईल त्या दिवशी थांबेन. पण त्यानं ते मास्तराच्या भिडेनं घेतलेलं मला नको. आतून वाटून घेतलं पाहिजे."

तिथं माझा राग संपला. त्या माणसापुढं मी फार लहान आहे असं वाटलं, आणि तसं वाटण्यात कमीपणा वाटला नाही. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहिल्यावर वाटत नाही, तसंच.

अशा गोष्टी लपत नाहीत. मुंबईची बातमी आगबोटीच्या आधी गावात पोचली. माझ्या आईनं मला पंधरा दिवस पडवीत वाढलं. नानांना रावसाहेबांनी मंडळापुढं बोलावलं. रावसाहेब चिडलेले नव्हते, खरोखर दुखावलेले होते.

"नाना, तुम्ही चिटणीस. मुंबईत तुम्ही जेवता ते संस्थेच्या नावानं जेवता. प्रायश्चित्त घ्या, तो गुरुवार सोडा, म्हणजे विषय मिटला. नाहीतर आमची जागा द्यायची कशी? घरच्या माणसांना मी काय सांगू?"

सगळ्यांना कळलं, जागा नाही तर इमारत नाही. बाहेर मांडवात मुलं पाढे म्हणत होती ते आत ऐकू येत होतं. नानांनीही ते ऐकलं. मग त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रावसाहेब, गुरुवार मला सोडता येणार नाही. चिटणीसपद सोडता येईल. नानाला काढला म्हणून घरी सांगा आणि जागेवर सही करा. तेवढं झालं की माझी तक्रार नाही."

रावसाहेबांनी बाहेरच्या मांडवाकडे पाहिलं. मग मान हलवून "ठीक" म्हणाले. त्यांनी शब्द पाळला, जागा दिली. हे त्यांच्या पदरात टाकायलाच हवं.

नवा चिटणीस नेमायची मंडळाला गरजच पडली नाही. नानांनी लावलेला आठवडा आपोआप चालू राहिला. जुनी मुलं येत राहिली, मांडवात बसत राहिली. जोत्याचा दगड आला, चुना आला, सागाच्या तुळया मचव्यातून आल्या. तांदळाच्या वखारीतली हमाल मंडळी जोमा घेऊन आला आणि तुळया त्यांनी खांद्यावरून चढवल्या. नाना रोज संध्याकाळी छत्री काखेत घेऊन बांधकामाकडे जायचे, बाहेरच्या दगडावर बसायचे आणि परत यायचे.

शिक्षा काय झाली म्हणाल, तर गावानं त्यांना जेवायला बोलावणं बंद केलं. लग्न असो, मुंज असो, नानांना आमंत्रण नाही. ते आळीतून जाताना आता नाक वर करीत नसत. कुणाची भाजी लागत असली तरी गप्प राहत, कारण बोललं तर काकूंना पान मांडावं लागेल की काय अशी पंचाईत. बायको वारली होती. घरी स्वतःच खिचडी शिजवायचे आणि तीही करपवायचे. जगातलं सगळं अन्न पाठ असलेला माणूस करपलेली खिचडी खात होता आणि तक्रार म्हणून करीत नव्हता. एका गोष्टीत तेवढी चैन होती. सुट्टी असली की गुरुवारी ते मुंबईला जात, आणि पुढं जोमा आमच्या गावच्या शिवेलगत खारेपाटात घर बांधून परतल्यावर तर रजा न घेता, शाळा सुटल्यावर चालत.

इमारतीचं उद्घाटन झालं तेव्हा नाना निवृत्त होऊन थकले होते. कंबर वाकली होती. समारंभाला आणि त्यानंतरच्या जेवणाला मुंबईहून बोट भरून माणसं आली. सदू आला, त्याची फटकळ बायको आली. रावसाहेबांनाही वयानं मऊ केलं होतं. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "नानांना घेऊन या. त्यांच्याशिवाय बरं दिसत नाही." आणि जरा थांबून म्हणाले, "पान मांडलंय त्यांचं. पडवीत. तेवढं तुम्ही समजावून सांगा."

मी पडवीत डोकावलो. एकच पान, एकच पाट, भिंतीकडं तोंड करून. पूर्वी नानांच्या ओटीवर जोमाला बसवत ते तसंच. मला ते समजावून सांगायचं नव्हतं, पण बोलावणं तरी पोचवावं म्हणून मी नानांच्या घरी गेलो. दाराला कडी. शेजारणीनं सांगितलं, "अहो, आज गुरुवार नाही का?"

बांधाबांधानं मी जोमाच्या घरी पोचलो तेव्हा जेवणं आटपली होती. मी अंगणातच थांबलो. मागच्या दारी केळीपाशी नाना ताट घेऊन उभे होते. वाकायचा प्रयत्न करीत होते आणि कंबर वाकत नव्हती. एक हात भिंतीला, एका हातात ताट. पुन्हा एकदा वाकले, पुन्हा सरळ झाले.

जोमा आतून आला. तोही आता पिकला होता. तो मागून येऊन नानांच्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं ताटाला हात घातला. नानांनी ताट घट्ट धरलं. दोघंही तसेच उभे.

"द्या, मास्तर," जोमा म्हणाला. "आता बास जाला. आपल्या घरच्या मानसानं ताट घासाचा नसतो."

नाना त्याच्याकडे बघत राहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीड आहे का, ते शोधत असावेत. मग त्यांची बोटं सुटली.

जोमा ताट घेऊन मोरीकडे गेला. नाना रिकाम्या हातांनी तिथंच उभे होते. आतून जानकीनं दुधाचं भांडं चुलीवर ठेवलं असावं, कारण नानांनी एकदम नाक वर केलं आणि पूर्वीच्याच आवाजात ओरडले, "जानकी, दूध उतू जातंय गं!"

मी रावसाहेबांचं बोलावणं सांगितलंच नाही. तसाच मागं फिरलो.